आमची ताई, लेफ्टनंट गव्हर्नर

ताई गेल्यापासून घरात दोन गोष्टी साचल्यात, डबे आणि किस्से. मॉरिसव्हिलमधली मराठी मंडळी एकेक डबा घेऊन आली आणि जाताना एकेक किस्सा ठेवून गेली. डबे घासून परत देता येतात. किस्स्यांचं काय करायचं मला कळत नाही, म्हणून सांगून टाकतो.

आधी एवढं ऐका. मेधाताई माझ्यापेक्षा बरीच मोठी. मिरजेहून इकडे अमेरिकेत आली, फार्मसिस्ट झाली, मग राजकारणात शिरली आणि चक्क आमच्या राज्याची लेफ्टनंट गव्हर्नर झाली. मी दहावीला दोनदा बसलो आणि दोनदा आपटलो. आई-बाबांबरोबर इकडे आलो, ते परत गेले, मी राहिलो. प्रचारात ताईची गाडी मी चालवायचो. यंदा ती दुसऱ्यांदा उभी होती. मतपत्रिका छापून झाल्या आणि ताई गेली. भर दुपारी, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या. छापलेलं नाव तसंच राहिलं.

आणि मी याच वर्षी सिटिझन झालो. म्हणजे हे माझं आयुष्यातलं पहिलं मत! ते गेलेल्या बहिणीच्या नावापुढे द्यायचं की नाही, हे मला कोणी नीट सांगेना.

*

ताईची पहिली निवडणूक गावच्या कौन्सिलची. नवरात्र होतं, म्हणून तिनं हळदीकुंकू केलं. बायका आल्या, गाणी झाली, प्रत्येकीच्या हातात स्टीलची एक वाटी ठेवली. प्रचाराचं काम बघणारा केव्हिन शेवटी शेवटी आला आणि वाट्या बघून पांढरा पडला.

"मेधा, तू मतदारांना वस्तू वाटतेस? हा गुन्हा आहे! सगळ्या परत घे!"

आता हळदीकुंकवाची वाटी परत कशी मागणार? ताई दारात हात जोडून उभी राहिली. एकही बाई वाटी सोडेना. शेवटी जोशी काकू पुढे आल्या आणि केव्हिनला म्हणाल्या, "हे बघ, मी मेधाला मत देणार नाही. म्हणजे ही लाच नाही. झालं?"

बाकीच्या बायकांनाही ते पटलं!

ताई ती निवडणूक हरली. किती मतांनी ते सांगत नाही, पण वाट्या साधारण तेवढ्याच होत्या.

*

पुढे ती जिंकत गेली. लेफ्टनंट गव्हर्नर झाली त्या दिवशी आईला मिरजेला व्हिडिओ कॉल लावला. आईनं आधीच गल्लीत पेढे वाटले होते.

"म्हणजे तू राज्यपाल का गं?"

"नाही आई. इथला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा मुख्यमंत्री. मी त्याच्या खालची."

"उपमुख्यमंत्री! अगं बाई! खातं कुठलं मिळालं?"

"खातं नसतं आई."

"बंगला?"

"नाही."

"मग लाल दिव्याची गाडी तरी?"

"गाडी बाळ्या चालवतो. आपलीच आहे."

आईनं फोन अगदी तोंडाजवळ आणला. मग हळूच म्हणाली, "मेधा, मी पेढे परत मागू शकत नाही गं."

*

लेफ्टनंट गव्हर्नर काय करतो, हे मला अजून नीट माहीत नाही. सिनेटमध्ये वरच्या खुर्चीत बसायचं, लाकडी हातोडा आपटायचा आणि दोन्ही बाजूंची मतं अगदी सारखी पडली, तरच स्वतःचं मत द्यायचं. सारखी पडलीच नाहीत तर गप्प बसायचं. ताई रोज सगळे कागद वाचून जायची. सकाळी चपला घालताना म्हणायची, "आज टाय होणार बघ!"

होत नसे.

एकदा मी वरच्या गॅलरीत बसून बघत होतो. शाळेतल्या मुलांच्या जेवणाचं काहीतरी बिल होतं. मोजणी चालू होती, बरोबरीत येत होती, ताई खुर्चीत पुढे सरकली. मी वर उभाच राहिलो. सिक्युरिटीवाला म्हणाला, "सर, बसा." तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि एक म्हातारे सिनेटर रुमालाला हात पुसत आत आले. त्यांनी मत दिलं. टाय गेला!

घरी जेवताना ताई भात नुसता चिवडत होती. दाजींनी विचारलं, "काय झालं गं?"

ताई म्हणाली, "काही नाही. माझं अख्खं करिअर एका माणसाच्या लघवीवर अडलंय."

*

आमच्या राज्यात अजून एक गंमत आहे. गव्हर्नर राज्याबाहेर गेला की त्याच्या जागी ताई. एकदा तो मुलीच्या लग्नाला बाहेर गेला. ताईनं सकाळी थालीपिठं लावली होती. मी पळत किचनमध्ये गेलो. नुकतंच मला जोरात गाडी चालवल्याचं तिकीट मिळालं होतं, तेही तिसऱ्यांदा.

"ताई, आज तू गव्हर्नर आहेस ना? खरीखुरी?"

"हो."

"मग माझं तिकीट माफ कर ना यार! एक सही तर करायची!"

ताईनं पीठ लागलेला हात पुढे केला. म्हणाली, "चावी दे."

गव्हर्नर परत आला, चावी काही परत आली नाही. तो उन्हाळाभर मी बसनं फिरलो. लेफ्टनंट गव्हर्नरला अधिकार नसतात असं कोणी म्हटलं, की मला ही चावी आठवते!

*

ताई गेल्यावर केव्हिन घरी आला. दाजी सोफ्यावर नुसते बसून होते. केव्हिननं मला किचनमध्ये नेलं आणि समजावलं. मतपत्रिका आता बदलता येत नाहीत. ताईच्या जागी पार्टीनं ब्रॅड नावाच्या माणसाला घेतलंय.

"म्हणजे लोकांनी ब्रॅडला मत द्यायचं?"

"ब्रॅडचं नाव नाहीये. लोकांनी मेधाला द्यायचं."

"मग ब्रॅड कसा निवडून येणार?"

"मेधा निवडून आली की."

"अरे, मेधा नाहीये!"

"म्हणून तर ब्रॅड आहे."

माझं डोकं फिरलं. हा ब्रॅड वसंतात पार्टीच्याच उमेदवारीसाठी ताईच्या विरुद्ध उभा होता. ताईनं औषधांच्या पुड्या बांधाव्यात, राज्य चालवू नये, असं टीव्हीवर बोलला होता. माझ्या हातात चहाचा कप होता, तो मी सिंकमध्ये आपटला. तुकडे झाले. केव्हिन मागे सरकला.

दाजी आवाज ऐकून दारात आले. सिंकमध्ये बघत राहिले. म्हणाले, "बाळ्या, तो तिचा कप होता रे."

*

ब्रॅड भेटायला आला, तो नेमका तेराव्याला. बिचाऱ्याला काय कळणार? तोंड पाडून, काळा सूट घालून, फुलं घेऊन आला. बघतो तर काय, घर भरलेलं, पंगत बसलेली, श्रीखंड-पुरी चाललेली! तो दारातच थांबला. जोशी काकूंनी त्याला धरून पाटावर बसवलं.

"आज गोड खायचं असतं. नाही म्हणायचं नाही."

त्यानं नाही म्हटलं. काकूंनी वाढलं. त्यानं परत नाही म्हटलं. काकूंनी परत वाढलं. निघताना ब्रॅडनं माझे दोन्ही हात धरले. त्याचे डोळे भरले होते. अश्रू खरे होते की काय, मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी लोकल बातम्यांत तो सांगत होता, "मेधाच्या कुटुंबानं मला मेजवानी दिली. माझ्या पाठीशी ते उभे आहेत."

लगेच एका बाई पत्रकाराचा मला फोन. "तुम्ही ब्रॅडला पाठिंबा दिलाय का?"

मी ओरडलो, "आम्ही श्रीखंड दिलंय!"

*

मतदानाच्या आदल्या दिवशी आईचा फोन आला. आई आता फार बोलत नाही.

"बाळ्या, उद्या ताईला मत दे हं."

"आई, ते मत ब्रॅडला जातं."

"ज्यानं टीव्हीवर तसं म्हटलं, तो?"

"हो."

"मग त्याला नको देऊस."

"मग ताईला?"

"ताईला दे की!"

"आई, दोन्ही एकच आहे गं!"

आई म्हणाली, "असं कसं एकच असेल?" आणि रडायला लागली. मीही लागलो.

*

मतदानाच्या दिवशी मी दुपारपर्यंत गाडीत बसून होतो. शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये. जावं की घरी परतावं, ठरत नव्हतं. शेवटी उतरून दार लावलं आणि रांगेत उभा राहिलो. अंगात प्रचाराचा टी-शर्ट होता. छातीवर ताईचं नाव, एवढं मोठं. मुद्दाम घातला नव्हता, त्या आठवड्यात मी तेच घालत होतो.

दारात एक म्हाताऱ्या बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. गळ्यात ओळखपत्र, मांडीवर विणकाम. त्यांनी मला हात करून थांबवलं.

"सर, उमेदवाराचं नाव घालून आत जाता येत नाही."

मी म्हणालो, "ही उमेदवार नाहीये. ही माझी बहीण आहे. वारली ती."

बाईंनी विणकाम खाली ठेवलं. "माहीत आहे मला. फार वाईट झालं, हनी. पण शर्ट उलटा घालून ये."

"का पण? ती नाहीये ना!"

"तिचं नाव मतपत्रिकेवर आहे."

"म्हणजे काय? ती उमेदवार आहे?"

"हो."

"आत्ता? या क्षणाला?"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग आत भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"मतदान बंद होईपर्यंत आहे, हनी."

मी तिथेच सगळ्यांसमोर शर्ट काढला, उलटा घातला आणि पळत आत गेलो.