इटलीची बडनेऱ्यातली तालीम

माझ्या नंदोयांनी पाहिलं नाही असं ठिकाण या देशात उरलेलं नाही, आणि कुठल्याही ठिकाणी त्यांना बसलेलं मात्र कुणी पाहिलेलं नाही. नंदोई म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचे यजमान. राहणार अकोला, तेही पत्त्यापुरतं. लग्नाच्या हंगामात ते एका संध्याकाळी तीन लग्नं गाठतात: एकात अक्षता, दुसऱ्यात जेवण, तिसऱ्यात आहेर. एकदा आहेराचं पाकीट भलत्याच नवरदेवाच्या हातात पडलं, तर म्हणाले, "त्याचंबी लगनच होतं ना?" आम्हाला एकदा चिखलदऱ्याला नेलं. परतवाड्याला चहाला थांबू म्हटलं, तर "च्या तं अकोल्यातबी भेटते, वहिनी." वर प्रत्येक पॉइंटला गाडी सुरूच. "दिसली ना दरी? चला." धुकं इतकं होतं की आम्हाला समोरचा कठडाही दिसला नव्हता. पण त्यांच्या हिशेबी दरी झाली.

इटलीची हौस मात्र ताईंची, म्हणजे माझ्या नणंदेची. शाळेत भूगोल शिकवताना नकाशावरचा तो बुटासारखा देश त्यांनी वर्षानुवर्षं छडीने दाखवला. निवृत्त झाल्यावर तिथे जाऊन यायचं, एवढीच इच्छा. त्यात गुडघे दुखायला लागले. बेत भाऊजींनी, म्हणजे नंदोयांनी, आखला: सकाळी रोम, दुपारी फ्लॉरेन्स, मुक्कामाला तिसरंच काही, मध्ये पिसा, मिलान, व्हेनिस, नेपल्स. मी म्हटलं, "भाऊजी, थोडं कमी करा." तर म्हणाले, "मनोरा वाकडा हाय हे पाहाले किती वेळ लागते? पाहिला की समजते, वाकडा हाय." ताईंनी त्याच दिवशी सांगून टाकलं, "असं असन तं तुमी जा. मी अकोल्यातच बरी." तिकिटं काढायची वेळ आली तरी ताई हटेनात आणि भाऊजी एक गाव सोडेनात. दोघांचेही फोन मला.

शेवटी भाऊजींनी तोडगा काढला: तालीम. तिकडे गाडी बदलायला फार वेळ मिळत नाही, तेव्हा बडनेऱ्याच्या स्टेशनावर सराव करायचा. त्या दोघांनी सामानासकट अकोल्याहून यायचं, मी अमरावतीहून बॅग घेऊन जायचं, आणि तिघांनी पूल ओलांडून पलीकडची अकोल्याची गाडी पकडायची. जमलं तर इटलीला येईन, असं त्यांनी ताईंकडून कबूल करून घेतलं होतं. आमच्या ह्यांनी दुकानाचं निमित्त करून अंग काढून घेतलं.

त्यांची गाडी उशिरा आली, त्यामुळे सराव अगदी खरा झाला. पलीकडची गाडी उभीच होती. भाऊजी दोन्ही बॅगा उचलून सुटले. पुलाच्या पायऱ्या निम्म्या चढल्यावर ताईंनी कठडा धरला. मागून लोक ढकलत होते, मी त्यांच्यात नि ताईंच्यात आडवी उभी राहिले. "चाल ना व, काहून थांबली?" भाऊजी ओरडले, पण मागे न पाहता. आम्ही कशाबशा वर पोचलो तेव्हा ते पलीकडे उतरून डब्यात चढतही होते. तेवढ्यात गाडी हलली. दारात भाऊजी, दोन्ही हातांत बॅगा, तोंड उघडं. ताई पुलावरच मटकन बसल्या. "पाहिलं ना? तिकडंबी असंच होईन. अन् तिकडं तं मले भाषाबी येत नाई." त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, गेली इटली.

भाऊजी मूर्तिजापूरला उतरून उलट्या गाडीने परत आले. आम्ही तिथेच होतो. "सिग्नल जरा लवकर पडला, नाई तं..." त्यांनी सुरुवात केली.

"तुमची पाठच पाहत आली मी," ताई शांतपणे म्हणाल्या. "म्हैसूरले गेलो तं पाठ, पुरीले गेलो तं पाठ. इटलीतबी पाठच पाहाची असन, तं ते अकोल्यात फुकट दिसते."

भाऊजींनी बॅगा खाली ठेवल्या. "मंग सांग, काय काढू?"

"दोन गावं ठेवा. बाकी सारी काढा."

"अन् पुन्हा कवा जाणं होईन व आपलं?" आवाज चढला, पण रागाने नव्हे. "एकडाव सुटलं ते सुटलं."

 ताई म्हणाल्या, "नाई होणार. म्हणून तं नीट पाहू."

भाऊजींनी तिकिटं काढणाऱ्या मुलाला फोन लावला. "रोम अन् व्हेनिस. बस," एवढंच बोलले, सूर असा, की ऐकणाऱ्याला वाटावं कुणीतरी गेलं.

खाली उतरताना ताई पुढे झाल्या. भाऊजी बॅगा घेऊन मागे. मागून चालायची त्यांना सवय नाही. दोनदा धडकता धडकता राहिले. मग एकदम थांबले.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "ही एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवून राह्यली. कवापासून?"

"दोन वर्षं तरी झाली असतील."

 पुढच्या पायरीवर भाऊजींनीही दोन्ही पाय टेकवले, आणि ताई खालची पायरी उतरेपर्यंत तिथेच थांबले.