उरलेलं लाल फडकं

पोपट गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं. पलीकडून त्याचा धाकटा भाऊ बापू बोलत होता. "अण्णा, दादा गेला." एवढंच. मी खुळ्यासारखं विचारलं, "इंदापूरला?" कारण पोपट रोज सकाळी पिकअप घेऊन कुठेतरी जातच असे, आणि बहुतेक वेळा इंदापूरलाच. बापू रडायला लागला तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मालावर दोर आवळता आवळता पोपटच्या छातीत कळ आली, तो चाकाशी बसला, मग आडवा झाला. पिंपळीहून बारामती असं कितीसं लांब, पण दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं... दसरा तोंडावर होता. असा न सांगता निघून गेला म्हणून मला दुःखाच्या आधी त्याचा राग आला. अजूनही येतो.

माझं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान, आणि दारात उभी राहायची ती त्याची पिकअप. ऊस तोडायची मोठी यंत्रं आमच्याकडे आली तसा पोपटचा धंदा ठरून गेला. या यंत्रांच्या तेलाच्या लाइनवर एक पोलादी बाटला बसवलेला असतो. धक्के सोसण्यासाठी त्यात नायट्रोजन वायू ठासून भरलेला असतो. यंत्र बंद करा, बाटला खोलून कोपऱ्यात उभा करा, वर्ष जाऊ द्या, आतला दाब आत राहू शकतो. बाहेरून भरलेला कोणता आणि रिकामा कोणता ते तुम्हा-आम्हाला ओळखता येत नाही. माळेगावकडचे यंत्रमालक हे बाटले दुरुस्तीला इंदापूरला सलीमभाईंच्या वर्कशॉपमध्ये धाडत, आणि ने-आण पोपट करी. आधी तोही इतरांसारखा खताच्या पोत्यांवर टाकूनच न्यायचा. मग कुणीतरी त्याला धोकादायक माल वाहणाऱ्या चालकांच्या प्रशिक्षणाला पाठवलं आणि आमचा पोपट बदलून परत आला. दाबाखालचा वायू पोटात असलेलं यंत्र हाही धोकादायक मालच, आत काय आहे ते कागदावर लिहायचं, व्हॉल्व्ह झाकायचा, माल गडगडणार नाही असा बांधायचा, आणि वर लेबल लावायचं. शंकरपाळ्यासारखं, टोकावर उभं. न जळणाऱ्या वायूचं लेबल हिरवं.

त्या हिरव्यानेच घोटाळा केला. एक दिवस तो तणतणत दुकानात शिरला. "अण्णा, त्यो हमाल बाटल्यावर बूड टेकून बिडी वढतोय. म्हणलं, ऊठ. तर म्हणतोय, हिरवं हाय की, काय हुतंय?"

"पण नायट्रोजन जळत नाही ना?" मी शहाणपणा केला.

"जळत न्हाय. फुटतंय. जळल्यालं माणूस दवाखान्यात तरी नेता येतंय."

त्या दिवशी घरी जाऊन त्याने शालनवहिनींची विरलेली लाल साडी फाडली आणि घराशेजारच्या शेडमधल्या, दाब न सोडलेल्या एकेका बाटल्याच्या मानेला तुकडा गाठ मारून बांधला. वहिनींनी त्याला दोन दिवस धड जेवायला वाढलं नाही. लेबलं तेलाने, उन्हाने गळून पडत, फडकं राही. "फडकं हाय तवर आत जीव हाय," तो सगळ्यांना सांगे. "सलीमभाईनं दाब सोडला की मगच फडकं सुटंल." मी त्याला लाल बावटेवाला म्हणून चिडवायचो. एका लग्नात त्याने फुगेवाल्याचं सिलिंडर उन्हातून सावलीत हलवायला लावलं आणि तेवढ्यासाठी वरात खोळंबली. नवरदेवाचा मामा हातघाईवर आला होता. पोपट मात्र ढिम्म. मित्र म्हणून त्याच्यासोबत मिरवणं अवघडच होतं, खरं सांगतो.

तेराव्याचा स्वयंपाक त्याच्याच पत्र्याच्या शेडला लागून झाला. चुलवण धडधडत होतं, वर कढई, धूर सगळा शेडमध्ये. आत भिंतीशी जुने बाटले रांगेने उभे होते. मालकांनी हंगामासाठी नवे बसवून हे काढून टाकले होते; सलीमभाईंकडून दाब सोडवून मग भंगारात द्यायचे, असं पोपट म्हणाला होता. मी त्यातल्याच एकाला टेकून जेवलो. काहीतरी चुकतंय, काहीतरी जागेवर नाही, असं वाटत राहिलं. पण मयताच्या घरी सगळंच चुकल्यासारखं वाटतं, म्हणून मी पत्रावळ उचलून हात धुतले.

दिवाळी उलटल्यावर वहिनींना भेटायला गेलो. चहा झाला, मग त्या आतून एक स्टीलचा डबा घेऊन आल्या. झाकण काढलं. आत धुऊन, घडी घालून ठेवलेली लाल फडकी.

"तिसऱ्या दिवशी समदी सोडून आणली, भाऊजी. माझीच साडी... आन् गाठी त्यांच्या हातच्या. सुटंनात, तवा दातानं सोडल्या."

मी डबा हातात घेऊन दारात आलो. शेडकडे पाहिलं तर शेड मोकळं.

"वहिनी, बाटले कुठं गेले?"

"बापूनं नेलं की मघाशी. इंदापूरला, भंगारात. रिकामं हाय म्हणला. फडकं न्हाय न्हवं त्यास्नी."

भंगारवाला जाड लोखंडाला काय करतो हे मला माहीत होतं. गॅस कटरची निळी ज्योत लावतो आणि मधोमध कापतो. बापूचा फोन वाजत राहिला, तो उचलेना. मी सलीमभाईंना फोन केला, म्हटलं असाल तसे भंगारवाल्याकडे पळा. आणि तो डबा हातात तसाच धरून गाडीत बसलो. त्या रस्त्याने मी शेकडो वेळा गेलो असेन; त्या दिवशी उसाच्या प्रत्येक ट्रॉलीमागे अडकलो, आणि फोन वाजेल म्हणूनही भीती, वाजत नाही म्हणूनही भीती.

पोचलो तेव्हा सलीमभाई कटरवाल्याच्या नळीवर पाय देऊन उभे होते. घामाने निथळत होते. एक बाटला आडवा पडलेला, पोटावर खडूची रेघ. कापायची जागा. त्यांनी सगळ्यांना लांब नेलं आणि पान्याने त्याचा व्हॉल्व्ह हलकेच सैल केला... आणि आवाज सुरू झाला. किती वेळ येत राहिला तो! बापू मातीत बसला होता. "म्या दादाचाच नियम पाळला की, अण्णा," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. आणि पाळलाच होता त्याने.

सलीमभाई एकेक बाटला मोकळा करत गेले. काही मुके निघाले, काही ओरडले. मी मोकळ्या झालेल्या प्रत्येकाशेजारी डब्यातला एकेक तुकडा ठेवत गेलो. का ते विचारू नका, पोपटच्या वतीने काहीतरी करावंसं वाटलं. बाटले संपले. डब्यात एक तुकडा उरला.

"बापू, अजून एक कुठाय?"

"तेराव्याला एक पावणा म्हणला, लोखंड जाड हाय, अंघुळीचा बंब झ्याक हुईल. दिला म्या. लोणी भापकरकडचा म्हणला जणू. नाव न्हाय इचारलं."

लोणी भापकरला दोनदा जाऊन आलो. वेल्डिंगवाल्यांकडे विचारलं, पाहुण्यारावळ्यांत विचारलं. कुणाला ठाऊक नाही. कदाचित तो रिकामा असेल. कदाचित कुणाच्या परड्यात उभा असेल, वर टॉवेल वाळत असेल. हे लिहायला बसलो त्याचं निम्मं कारण पोपट, आणि निम्मं तो पाहुणा. तुम्ही वाचत असाल तर त्याला कापू नका, ठोकू नका, तापवू नका; लांब राहा आणि पिंपळीत निरोप द्या.

दुकानात येऊन पोपट ज्या खिळ्याला पिकअपची किल्ली अडकवायचा, तिथे आता ते उरलेलं फडकं आहे. वहिनींनी परत मागितलं नाही. धुतलं तरी गाठीची चुरगळ गेलेली नाही. पहाटे आताशा गारवा पडतो, लोकांना गरम पाण्याची आठवण होते. रात्री शटर ओढण्याआधी मी त्या खिळ्याकडे बघतो. फडकं इथे आहे, आणि ज्याच्या मानेला ते हवं, तो कुठे आहे ते मला माहीत नाही.