संत्र्याच्या बुंध्याशी खणलेला खड्डा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिच्याच भावाची गोष्ट — कोणत्या तोंडाने सांगू?

मी सौसरचा, संत्र्यांच्या मुलखातला. उमेदीची वर्षं समुद्राकाठच्या एका शहरात, एका बंद बंगल्यावर पहारा देण्यात गेली. तिथे कधीकाळी दोन देशांची बोलणी झाली होती. आता बंगला कुणाचा, यावरून त्याच दोन देशांची ओढाताण. त्यामुळे तिथे सगळ्यांवर संशय. दूधवाला फाटकाशी जरा रेंगाळला तरी चौकशी व्हायची. मलाही ती खोड लागली — कोणी हसलं की वाटायचं, हा का हसला?

माळी हवा होता, म्हणून मोहगावहून माझ्या साळ्याला, सुखदेवला, मीच आणलं. मागच्या भिंतीशी संत्र्याचं एकच झाड होतं, कधी न फळलेलं. हिवाळ्यात त्याने झाडाचं पाणी तोडलं, बुंध्याभोवती खणून मुळ्या उघड्या केल्या.

"भाऊजी, ताण देऊन राहिलो याले. पाण्यासाठी तरसल्याबिगर हे फुलत नाही."

आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण बंगल्याचा कारभार पाहणाऱ्या साहेबांना काय दिसलं? तंट्यातलं घर, भिंतीशी खड्डा, वाळत चाललेलं झाड. काय पुरलं? कोणासाठी? सुखदेवला बाहेर उभं केलं, मला आत बोलावलं. तुमच्या मुलखात असं करतात का, एवढंच विचारलं.

मी म्हणालो — "नाही साहेब. मी तरी पाहिलं नाही."

का? माणूस मी आणलेला. उद्या बोट माझ्याकडे वळलं तर? भीती होतीच. पण साहेब त्याला नावाने हाक मारायचे आणि मला इतक्या वर्षांनंतरही नुसतं 'चौकीदार' म्हणायचे — ते डाचत होतं. भीतीपेक्षा तेच जास्त होतं, असा मला माझ्यावरच संशय आहे.

खड्डा आणखी खोदला. मुळ्यांशिवाय काही निघालं नाही. तरी सुखदेवला त्याच दिवशी काढलं; झाड पुढे मेलं. त्याला गाडीत बसवताना मी वर म्हणालो, "तुह्यासाठी लय भांडलो बाप्पा, पण साहेब आयकतच नाही." तो माझ्या पाया पडला. गावात कुजबुज झाली, काही केल्याशिवाय कोणी काढतं का? त्याची ठरलेली सोयरीक मोडली. पुढे कितीतरी वर्षं त्याला कोणी मुलगी दिली नाही.

मागच्या महिन्यात पांढुर्ण्याला त्याच्या पोरीचं लग्न होतं. भर मांडवात त्याने मला पुढे बोलावलं, माझ्या गळ्यात दुपट्टा घातला.

"या माणसानं माह्यासाठी साहेबाशी भांडण घेतलं होतं," तो व्याह्यांना म्हणाला. "सख्खा भाऊ करत नाही एवढं."

बायकोने पदराने डोळे पुसले. आताही बोलता आलं असतं. मी दुपट्टा नीट केला, पहिल्या पंगतीला बसलो आणि पोटभर जेवलो.