चाचणी यंत्राची होती

गारखेड्यातल्या एका मंगल कार्यालयात आम्हा शिक्षकांना नवं मतदान यंत्र चालवून बघायला बोलावलं होतं. कंपनीची मुलगी फार गोड बोलली. "मॅडम, परीक्षा यंत्राची आहे, तुमची नाही. जे अवघड वाटेल ते बिनधास्त सांगा." मागच्या खुर्चीवर आमच्या ड्युट्या लावणारे साहेब बसले होते. त्यांच्यासमोर कप्पाळ सांगणार बिनधास्त.

खऱ्या मतदानाआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर लुटुपुटूची मतं टाकून दाखवतात. ती पुसूनच मतदान सुरू करायचं असतं. मतं पुसायचं आणि मतदान कायमचं बंद करायचं, अशी दोन बटणं एकाच झाकणाखाली, एकाच रंगाची, शेजारी शेजारी. आमच्या पडेगावच्या शाळेतल्या सगळ्यात ज्येष्ठ बाईंनी पुन्हा पुन्हा चुकीचंच दाबलं. त्यांची निवृत्ती जवळ आली होती. नोकरीला डाग न लागता घरी जायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. मुलीनं विचारलं, "कसं वाटलं?" बाईंनी आधी साहेबांकडे बघितलं. "लई सोपं आहे," त्या म्हणाल्या. मग सगळ्यांनीच तीच री ओढली.

मला राहवलं नाही. बटणांचे रंग वेगळे करा, ती लांब लांब ठेवा, असं मी सांगून टाकलं. मुलीनं मान डोलावली. साहेबांनी मला पुन्हा प्रशिक्षणाला बसवलं, कच्च्या पोरांना जादा तासाला बसवतात तसं. यंत्र मात्र पास झालं. माझा संताप झाला, तरी आपण खरं बोललो याचं आतून बरं वाटत होतं.

मतदानाच्या दिवशी सकाळीच दौलताबादजवळच्या केंद्रावर बाई मतं पुसायला गेल्या आणि मतदानच बंद करून बसल्या. दुसरं यंत्र येईपर्यंत बाहेरची रांग शिव्या घालत ताटकळली. काही दिवसांनी नोटीस आली, मागोमाग निलंबन.

मी भेटायला गेले तेव्हा त्या मेथी निवडत होत्या. चेहरा पार उतरला होता. मला त्यांची कीव आली आणि रागही आला.

"तेव्हाच खरं सांगायला काय झालं होतं, बाई?"

"तू सांगितलंस ना गं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "मग काय बदललं?"

मी समोर बसून मेथी निवडू लागले. आता पुढच्या निवडणुकीला त्याच केंद्रावर माझी ड्युटी लागली आहे. यंत्र तेच आहे.