वन्संचा ग्लास

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. शाळा चौथीपर्यंतच झाली. पुढे लिहायची वेळ आली ती सही करण्यापुरती. नात म्हणाली, "आजी, तू सांग, मी लिहिते." पण हे नातीला सांगण्यासारखं नाही. तेव्हा कुणी वाचलंच तर चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

खडकी स्टेशनच्या बाहेर आमची रसवंती होती. यजमान चरक चालवायचे. मी ऊस तासून धुऊन ठेवायचे आणि ग्लास विसळायचे. गिऱ्हाइकांशी बोलायचं काम त्यांचं. मला कुणाच्या तोंडाकडे बघून बोलता येत नाही, अजूनही येत नाही. "आलं-लिंबू घालू का?" एवढं विचारायचं तरी मी ग्लासाकडे बघून विचारायचे.

चरक आधी हाताने फिरवायचा होता. त्यात यजमानांचा खांदा गेला. मोटरवरचा चरक घ्यायला पैसे नव्हते, ते वन्संनी दिले. वन्सं म्हणजे यजमानांची मोठी बहीण. तरुणपणीच विधवा झालेली, मूलबाळ नाही. येरवड्याच्या एका शाळेत शिपाई होत्या. घंटा वाजवायची, वर्ग झाडायचे, बाईंना चहा आणून द्यायचा. असं करत साठवलेले पैसे त्यांनी पदराच्या गाठीतून सोडून चरकाच्या लाकडी फळीवर ठेवले. यजमान व्याजाचं बोलले तेव्हा म्हणाल्या, "सख्ख्या भावाकडून व्याज घेऊ? मारवाडी समजलास का मला? सावकाश दे. पण दे."

दोन उन्हाळ्यांत फेडू म्हणालो होतो. एका उन्हाळ्यात रस्त्याचं खोदकाम दुकानासमोर आलं, दुसऱ्यात मुलीचं लग्न निघालं. मग दर वर्षी काहीतरी निघतच गेलं. वन्संनी कधी विषय काढला नाही. त्यांनी काढला असता तर बरं झालं असतं.

शाळा सुटली की त्या बसने यायच्या आणि आमच्या बाकड्यावर टेकायच्या. त्यांची चप्पल दिसली की मी खाली मान घालून ऊस तासायला घ्यायचे. पैशांचं काय बोलू, कसं बोलू? मग मी मोठा ग्लास घ्यायचे आणि काठोकाठ भरायचे. बर्फ घालायचे नाही, कारण बर्फाने रस कमी बसतो. त्या "पुरे गं" म्हणायच्या आणि मी जगमधला उरलेला पुन्हा ओतायचे. रस ठेवला तर काळा पडतो, टाकला तर पाप लागतं, असंही मनात असायचं. पण खरं कारण ते नव्हतं. पैसे देता येत नव्हते, तर निदान रस तरी द्यावा, असं होतं ते. ग्लास रिकामा होईपर्यंत मला बोलावं लागायचं नाही.

यजमान चिडवायचे, "बहीण माझी आणि लाड तुझे. ऊस काय माळ्यावर उगवतो?"

मग वन्संना फार तहान लागायला लागली. बसमधून उतरल्या की आधी ग्लासाकडे हात जायचा. अंग सुटलं, कमरेचा घेर वाढला, पण चेहरा उतरलेला. रात्री सारखं उठावं लागतं म्हणायच्या. शाळेतल्या बाईंनी मागे लागून रक्त तपासायला लावलं आणि साखर निघाली.

वन्संसारखं पथ्य मी कुणाचं पाहिलं नाही. चहा बिनसाखरेचा. गणपतीचा पेढा कपाळाला लावून शेजारच्या पोराला देऊन टाकायच्या. आंब्याच्या दिवसांत आंब्याकडे पाठ करून जेवायला बसायच्या. आणि संध्याकाळी आमच्याकडे येऊन रस प्यायच्या.

एकदा ग्लास हातात धरून त्यांनी मला विचारलं, "हा चालेल ना गं मला?"

मला विचारलं. धंदा माझा, म्हणून मला माहीत असणार असं वाटलं त्यांना. मी म्हणाले, "चालतो की. यात कुठे साखर घातलीय? नुसता ऊस. थंड असतो. काविळीत तर मुद्दाम देतात."

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला एक पेन्शनर बसायचे, रोज अर्धा ग्लास घेणारे. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "बरोबर आहे. साखर कारखान्यात वाळू गाळतात. उसाची मोळी नुसती दाराला बांधायला असते."

सगळे हसले. वन्संही हसल्या आणि त्यांनी ग्लास संपवला.

मी हसले नाही. मला तेव्हाच कळलं होतं. आयुष्यभर ऊस पिळत होते, हाताला चिकट साखर घेऊन घरी जात होते, रस सांडला की मुंग्यांची रांग लागलेली बघत होते. न कळायला काय झालं? पण दुसऱ्या दिवशी वन्संची चप्पल दिसली आणि मी पुन्हा मोठा ग्लास घेतला. ग्लास दिला नाही तर काय देऊ? मग त्यांच्या तोंडाकडे बघून पैशांचं बोलावं लागलं असतं. तो अख्खा उन्हाळा मी कळूनसवरून ओतत राहिले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पावसाळ्यात वन्संच्या चपलेतला बारीक खिळा वर आला आणि अंगठ्याशेजारच्या बोटात रुतला. त्यांना कळलंच नाही. पायाला मुंग्या येऊन येऊन तो बधिर झाला होता. मोजा घातल्यासारखं वाटतं, म्हणायच्या. बोट काळं पडलं तेव्हा आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी खाण्यापिण्याचं विचारलं. वन्संनी ताठ मानेने सांगितलं, "साखरेला शिवत नाही मी." डॉक्टरीणबाई रिपोर्टकडे बघत राहिल्या. मी दाराशी उभी होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "रस पितात. रोज मोठा ग्लास. मी देते."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं. म्हणाल्या, "बाई, ऊस दातांनी सोलून खा बरं. दोन कांड्या झाल्या की जबडा दुखतो, माणूस आपसूक थांबतं. तुमच्या मोठ्या ग्लासात अर्धा ऊस असेल. चोथा तुम्ही बाहेर टाकता आणि साखर तेवढी घटाघटा पोटात जाते. रक्तात ती लगेच चढते. पोट मात्र भरत नाही, घरी भाकरी तेवढीच लागते. जास्तीची साखर चरबी होऊन पोटावर, यकृतावर बसते. साखर वाढली की तहान लागते, आणि तहानेला तुम्ही पुन्हा साखरच पाजली."

यजमानांनी विचारलं, "आणि बाटलीतली सरबतं? कोल्ड्रिंक?"

"सगळे एका माळेचे मणी."

बोट काढावं लागलं. पाय वाचला.

वॉर्डात मी वन्संच्या उशाशी बसले होते, खाली बघत. म्हणाले, "वन्सं, मी पाजला तुम्हाला."

"तोंड माझंच होतं ना? नाक दाबून पाजलास का?" त्या म्हणाल्या. मग पायावरचं पांघरूण सारखं केलं. "रोज काठोकाठ का भरायचीस ते मला ठाऊक होतं. मलाही घ्यायला बरं वाटायचं. म्हटलं, पैसे कुठे विसरलीय ही. पण आता माझे पैसे दे. रसात फेडू नकोस."

रसवंतीच्या गल्ल्यातला एक पैसाही त्यात घालायचा नाही, असं मी ठरवलं. सकाळी औंधातल्या दोन घरी पोळ्या लाटायला जायला लागले. तिथल्या बाईंशी पगाराचं बोलताना माझे कान तापले होते, पण बोलले. दुकानात पाण्याचा माठ पुढे आणला. कुणी चेहरा उतरलेलं, सारखी तहान लागते म्हणणारं आलं की मी आधी पाणी द्यायचे आणि विचारायचे, "रक्त तपासलंय का?" यजमान म्हणायचे, "तूच बुडव धंदा. बाहेरच्यांची गरज नाही." काही गिऱ्हाइकं तुटली. पेन्शनर टिकले. म्हणाले, "वहिनी बोलायला लागल्या, हेच पुष्कळ."

महिन्याला जमेल तेवढं मी वन्संच्या खोलीवर नेऊन द्यायचे. शेवटचे दिले तेव्हा त्या काठी टेकत दार उघडायला आल्या. बोट ओलं करून नोटा मोजल्या. एकदा मोजून भागलं नाही, पुन्हा मोजल्या. पदराला गाठ मारली. मग माठातलं पाणी भरून पेला माझ्यापुढे धरला. मी प्यायले, त्यांच्या तोंडाकडे बघत.

"पोचले गं सगळे," त्या म्हणाल्या.