एकटीचं मैदान

राष्ट्रीय स्पर्धेसाठी ते जुनं गोल्फचं मैदान योग्य आहे का, हे पाहायला मी गेले होते. झाडं देखणी होती, हिरवळ राखलेली होती. पण आजच्या खेळाडूंच्या ताकदीपुढे सगळं आखूड पडत होतं. शेवटच्या खड्ड्यापाशी सत्तरीच्या एक बाई खेळत होत्या.

“होईल का हो स्पर्धा इथे?” त्यांनी विचारलं.

“अवघड आहे. मैदान लहान पडतं.”

“हे गेल्यापासून मी एकटीच खेळते. वाटलं होतं, चार दिवस माणसांचा आवाज ऐकू येईल.”

लहान म्हणून मी नाकारलेलं ते मैदान एका माणसाला केवढं मोठं होतं!

त्यांनी लांबून चेंडू हलकेच ढकलला. तो खड्ड्यात गेला, तशी त्यांनी सवयीने मागे वळून पाहिलं. मी टाळ्या वाजवल्या. त्या फारच थोड्या वाटल्या, म्हणून आणखी वाजवत राहिले.