होडीचा नारळ

बेलापूरच्या नव्या फ्लॅटमध्ये आल्यावर ह्यांच्या डोक्यात इंजिनाच्या होडीचं खूळ शिरलं. करावे गावात एक जुनी विकायची होती, ती पाहून आलो. निघताना मालकाच्या बायकोने होडीपुढचा नारळ माझ्या पदरात घातला. नेहमीची ओटी समजून मी तो घरी आणला. ह्यांचं आपलं ‘घ्यावी की नको’ चालूच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई होडीचं इंजिन सुरू करायचं हँडल फडक्यात गुंडाळून हसत दारात उभी. “नारल घेतला म्हंजे सौदा पक्का ना, ताय?”

हे न्हाणीघरात दडून बसले. अजून ठरलेलं नाही, हे मलाच सांगावं लागलं.

तिचं हसू मावळलं. “मंग आमचा नारल परत द्या.”

मी हात पदराआड लपवले. बोटांना त्याच नारळाची चटणी लागली होती.